शहाणपण 'एन्जेंडर' होतं का?

आसावरी_लिहिते
नमस्कार मंडळी. एका मराठी वैचारिक लेखाचं इंग्रजी भाषांतर करतेय. मूळ भाषा भारदस्त आहे, म्हणून इंग्रजीही वरच्या पट्टीत ठेवायचं ठरलंय. त्यात वाक्य आलं : 'संकटे मनुष्यास शहाणपण शिकवितात.' मी लिहिलं, 'अ‍ॅडव्हर्सिटी एन्जेंडर्स विज्डम'. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी एन्जेंडरखाली नागमोडी रेघ ओढून समासात एवढंच लिहिलंय : 'व्याकरणाला चालेल, कानाला नाही.'

शब्दकोशात एन्जेंडरचा अर्थ 'निर्माण करणे, उत्पन्न करणे' असाच दिसतो. मग घोडं अडतं कुठे? इम्पार्ट, इन्स्टिल, इन्ड्यूस, ब्रीड, बिगेट, फॉस्टर अशी सगळी पलटण समोर उभी आहे. यातलं विज्डमशेजारी कोणतं शोभतं, आणि का? 'कोणतं' पेक्षा 'का' जास्त हवंय, कारण पुढच्या पानांवर विनय, विवेक, संयम असे बरेच जण रांगेत आहेत.

टवाळ
इन्ड्यूस घ्या. झोप, उलटी, बाळंतपणाच्या कळा, सगळं इन्ड्यूस करता येतं. शहाणपण इन्ड्यूस केलं की साइड इफेक्ट म्हणून अक्कलदाढ येईल फक्त.

खडूसकाकू
टवाळ, तुला आली का मग?

टवाळ
काकू, दाढ आली. बरोबर दुसरं काही आलं नाही.

मुद्राराक्षस
धागा चांगला आहे, थोडं सविस्तर लिहितो.

एन्जेंडर हे क्रियापद मुळात जन्म देण्याचं. लॅटिन 'गेनेरारे' म्हणजे प्रजोत्पादन करणे, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. आज त्याचा शब्दशः अर्थ मागे पडलाय आणि कर्म जवळजवळ नेहमी अमूर्त असतं. पण कुठलंही अमूर्त नाही. ट्रस्ट, फिअर, रिझेंटमेंट, हॉस्टिलिटी, लॉयल्टी, रिस्पेक्ट, कॉन्ट्रोव्हर्सी. यांच्यात काय समान आहे ते बघा. या सगळ्या भावना तरी आहेत, नाहीतर माणसामाणसांत तयार होणाऱ्या स्थिती तरी. एखादं धोरण जाहीर झालं आणि लोकांत अविश्वास पसरला, तर तिथे एन्जेंडर अगदी चपखल.

विज्डम भावना नाही आणि परिस्थितीही नाही. ती कमावलेली कुवत आहे. बाहेरून काहीतरी घडलं आणि आत विज्डम उमटली असं होत नाही, मधे माणसाला काम करावं लागतं. म्हणून इंग्रजीत विज्डमबरोबर गेन, अ‍ॅक्वायर, अ‍ॅट्टेन ही माणसाला कर्ता करणारी क्रियापदं सहज येतात. बाईंचा कान तिथे अडला असणार.

फक्त वाचक
+१. 'व्याकरणाला चालेल, कानाला नाही' हे कुठल्याही संपादकाच्या दारावर लावावं असं वाक्य आहे.

अर्धविराम
मुद्राराक्षस यांच्याशी अर्धा सहमत. 'असं कोणी लिहीत नाही' आणि 'असं लिहू नये' यात फरक आहे ना? शब्दांच्या ठरलेल्या जोड्याच फिरवत बसायचं तर भाषेत नवं काही येणारच नाही. वैचारिक लेखात एन्जेंडर्स विज्डम आलं तर वाचक क्षणभर थांबेल, ठीक आहे, थांबू दे की. जन्माची कळ आणि शहाणपण यांचा संबंध लावावासा वाटला असेल लेखकाला.

मुद्राराक्षस
वाटला असेल तर जरूर लावावा. पण मूळ वाक्यात 'शिकवितात' आहे, 'प्रसवतात' नाही. भाषांतरकाराने स्वतःच्या पदरची प्रतिमा घालायची का हा वेगळा प्रश्न. आणि वाचक थांबला, तर प्रतिमेमुळे थांबला की शब्द बोचला म्हणून थांबला, हे लेखकाला कळायला मार्ग नसतो.

सई.
मी परीक्षांचे निबंध तपासते. या सगळ्या दुखण्याचं मूळ शब्दांच्या याद्यांत आहे असं माझं मत. याद्यांत एन्जेंडर = कॉज = प्रोड्यूस असं बरोबरीचं चिन्ह टाकून छापलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. मग उत्तरपत्रिकेत काय येतं? 'स्मोकिंग बिगेट्स कॅन्सर'. 'हेवी रेन एन्जेंडर्ड पॉटहोल्स'. एकाने तर 'द ड्रायव्हर इलिसिटेड अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट' लिहिलं होतं. इलिसिट म्हणजे समोरच्याकडून काढून घेणे, उत्तर, प्रतिक्रिया, फार तर हसू. अपघात कोणाकडून काढून घेतला त्या बिचाऱ्याने?

गंमत अशी की साधं कॉज वापरलं असतं तर तिन्ही वाक्यं निर्धोक होती. पण कॉज लिहिलं की निबंध 'साधा' दिसतो अशी भीती.

टवाळ
'ड्रायव्हर इलिसिटेड अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट', हसून हसून पुरेवाट. पोलिसांनी जबाब असाच घेतला असेल.

प्रा. तळटीप
सईंनी कॉजचा विषय काढलाच आहे तर थोडी भर. इंग्रजी भाषाशास्त्रात यावर बरंच काम झालंय. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा जे. आर. फर्थ यांचा विचार प्रसिद्ध आहे (१९५७). पुढे जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा प्रचंड साठा संगणकावर घेऊन शब्द कोणाच्या शेजारी बसतात ते तपासलं. त्याच कामातून १९८७चा कोबिल्ड शब्दकोश निघाला. बिल लाउ यांनी १९९३ मध्ये 'सिमँटिक प्रॉसडी' ही संज्ञा पुढे आणली. म्हणजे एखादा शब्द वरकरणी तटस्थ असतो, पण त्याची नेहमीची संगत वाईट असल्यामुळे त्यालाही तो रंग चढतो.

मायकेल स्टब्ज यांनी कॉजवर नेमकं हेच दाखवलं. कॉजच्या पुढे काय येतं? प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ, डिसीज, ट्रबल, कन्सर्न. बहुतांशी नको असलेल्या गोष्टी. उलट प्रोव्हाइडपुढे हेल्प, केअर, सपोर्ट. त्यामुळे 'कॉज विज्डम' असं कोणी लिहिलं तर विज्डम हा एखादा आजार असल्यासारखा वाटतो.

खडूसकाकू
काही घरांत तो आजारच समजतात.

निवांत
प्राध्यापकसाहेब, मराठीतही हे आहे. 'कारणीभूत' घ्या. 'अपघाताला कारणीभूत', 'पराभवाला कारणीभूत', 'घटस्फोटाला कारणीभूत'. निरोपसमारंभात एक गृहस्थ भरल्या गळ्याने म्हणाले, 'माझ्या आजच्या प्रगतीला साहेबच कारणीभूत आहेत.' साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तसंच 'ओढवणे'. संकट ओढवतं, नामुष्की ओढवते. सुख कोणावर ओढवल्याचं ऐकलं नाही. 'बोकाळणे' तर विचारूच नका, वाचनसंस्कृती बोकाळली असं लिहून बघा.

अर्धविराम
'वाचनसंस्कृती बोकाळली' हे मी आजच कुठेतरी वापरणार आहे. बघा, ठरलेली संगत मोडली की विनोद होतो. म्हणजे मोडायची ताकद आहेच त्यात, माझा मुद्दा तोच होता.

निवांत
मोडली की विनोद होतो, हेच तर आसावरीताईंना नकोय. :)

आसावरी_लिहिते
सगळ्यांचे आभार, खूप मदत होतेय. मुद्राराक्षस, तुमचा भावना विरुद्ध कुवत हा भेद पटला. पण एक शंका. इम्पार्ट विज्डम तर सर्रास वाचलंय. ती कुवत असूनही इम्पार्ट कसं चालतं? आणि चालत असेल तर 'अ‍ॅडव्हर्सिटी इम्पार्ट्स विज्डम' करून मोकळी होऊ का?

मुद्राराक्षस
चांगला प्रश्न. इथपर्यंत आपण क्रियापदाच्या उजवीकडे बघत होतो, म्हणजे काय निर्माण होतंय. आता डावीकडे बघा, निर्माण करणारं कोण आहे.

ही भारदस्त क्रियापदं उगमावरून पाहिली तर साधारण तीन घराण्यांची निघतात. एक जन्म देणारी : एन्जेंडर, बिगेट, ब्रीड, स्पॉन, जनरेट. दुसरी आत घालणारी : इन्स्टिल (लॅटिन स्टिल्ला म्हणजे थेंब, थेंबाथेंबाने घालणे), इन्फ्यूज (ओतणे), इंब्यू (भिजवणे), आणि जरा हिंसक अशी इन्कल्केट, जिच्या मुळाशी टाचेने तुडवून बसवणे आहे. तिसरी देणारी : इम्पार्ट, कन्फर, बिस्टो. इम्पार्टमध्ये 'पार्ट' स्पष्ट दिसतोच, आपल्यातला वाटा दुसऱ्याला देणे.

ज्याचा वाटा द्यायचा ते आधी आपल्याकडे असावं लागतं. गुरू विज्डम इम्पार्ट करतो, कारण त्याच्यापाशी ती आहे. धूर पदार्थाला वास इम्पार्ट करतो, कारण वास धुरात आहे. संकटापाशी कुठली आलीय विज्डम? संकट आंधळं असतं. म्हणून 'अ‍ॅडव्हर्सिटी इम्पार्ट्स' ऐकताना किंचित खटकतं.

आत घालणाऱ्या घराण्याला पात्र लागतं. इन्स्टिल म्हटलं की कोणात, हे सांगावंच लागतं : इन्स्टिल कॉन्फिडन्स इन देम. नुसतं 'अ‍ॅडव्हर्सिटी इन्स्टिल्स विज्डम' अधांतरी राहतं. जन्म देणाऱ्यांना मात्र पात्राची गरज नाही. आईबाप आणि अपत्य, संपला विषय. म्हणूनच सुभाषितवजा छोटी वाक्यं याच घराण्यात जमतात.

सई.
हे झकास. वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतेय.

आणि आत घालण्यावरून आठवलं. 'टीचर्स शुड इम्बाइब गुड व्हॅल्यूज इन स्टुडंट्स' हे वाक्य निबंधांत, भाषणांत, शाळांच्या माहितीपत्रकांत, जिथे तिथे भेटतं. इम्बाइब म्हणजे स्वतः पिणे, शोषून घेणे. मुलं इम्बाइब करतील, शिक्षक इन्स्टिल करतील. वरचं वाक्य लिहिलं की शिक्षकच मूल्यं गटागटा पिताहेत आणि तेही विद्यार्थ्यांच्या आत बसून, असं काहीतरी चित्र उभं राहतं.

टवाळ
माझे काही शिक्षक इम्बाइब करायचे. मूल्यं नव्हे.

खडूसकाकू
सई, हा घोळ होतो तो आपल्या 'बाणणे-बाणवणे' मुळे असं मला वाटतं. गुण अंगी बाणतो, शिक्षक तो बाणवतात. एका 'व' ने काम होतं. शिकणे-शिकवणे, रुजणे-रुजवणे, बिंबणे-बिंबवणे, ठसणे-ठसवणे. मराठी माणसाला वाटतं इंग्रजीतही असाच एखादा छुपा 'व' असेल आणि इम्बाइबच दोन्हीकडे चालेल. तिथे पिणारा वेगळा शब्द, पाजणारा वेगळा.

इन्स्टिलला मी तर 'बाळकडू पाजणे' म्हणेन. थेंबाथेंबानेच देतात ते.

प्रा. तळटीप
काकू, 'बाळकडू' फार सुरेख. इन्कल्केटला 'ठसवणे' किंवा 'बिंबवणे', तेही जुळतं. त्यात पुन्हा पुन्हा सांगून बसवण्याचा भाव आहे.

गणिती
थोडं अवांतर. फ्रेंच गणितात 'आँजाँद्रे' हेच क्रियापद आजही रोजच्या कामाचं आहे. काही सदिश घेतले आणि त्यांच्यापासून जो उपअवकाश तयार होतो त्याला 'त्यांनी आँजाँद्रे केलेला' असंच म्हणतात. इंग्रजीवाले त्या जागी स्पॅन किंवा जनरेट म्हणतात. एकच मूळ, एका भाषेत वहीतला शब्द झाला, दुसरीत सुटाबुटातला.

फक्त वाचक
गणितींनी अवांतर म्हणून जे लिहिलं ते मला धाग्यातलं सर्वात कमी कळलेलं आणि सर्वात आवडलेलं.

निवांत
जन्म देणाऱ्या घराण्यावरून एक. आपल्या संस्कृतातला 'जन्' धातू आणि लॅटिनमधला तो 'गेन्' एकाच मुळाचे. म्हणजे जनन, जन्म, जाती हे एन्जेंडरचे दूरचे भाऊबंद.

आणि आपल्याकडे अमूर्तातून अमूर्त जन्मण्याची सगळ्यांत प्रसिद्ध साखळी गीतेत आहे, दुसऱ्या अध्यायात, श्लोक ६२ : 'सङ्गात्सञ्जायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते'. पुढे क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. यात कोणी कोणाला जन्माला 'घालत' नाही. संगापासून काम 'जन्मतो'. पंचमी विभक्ती आणि अकर्मक क्रियापद. कर्त्याच्या जागी अपत्य आहे, जन्मदाता मागे पंचमीत उभा. 'अतिपरिचयात् अवज्ञा' तसंच. इंग्रजीत तेच 'फॅमिलिअ‍ॅरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट' झालं की फॅमिलिअ‍ॅरिटी स्वतः कामाला लागते.

मराठीचाही कल हाच. अनुभवाने शहाणपण येतं, वयानुसार पोच येते, रागाच्या भरात चूक होते. आपण निर्जीव गोष्टीला सकर्मक कामाला जुंपत नाही. म्हणून ही इंग्रजी क्रियापदं आपल्याला परकी वाटतात आणि परकी वाटतात म्हणून उगाच भारी वाटतात.

अर्धविराम
निवांत, श्लोक सुंदर, निष्कर्ष मात्र घाईचा. धाग्यातलं मूळ वाक्यच बघा : 'संकटे मनुष्यास शहाणपण शिकवितात.' कर्ता निर्जीव, क्रियापद प्रयोजक, आणि हे मराठीतच लिहिलंय. 'भूक माणसाला काहीही करायला लावते.' 'परिस्थितीने त्याला घडवलं.' 'पैशाने त्याला बिघडवलं.' चारचौघांत बोलतो आपण असं. संस्कृतातसुद्धा 'विद्या ददाति विनयं' आहे. विद्या सरळ कर्त्याच्या खुर्चीत बसून विनय देतेय, आणि ते 'देणाऱ्या' घराण्यातलं झालं. मुद्राराक्षस म्हणतात तसं विद्येपाशी विनय आधीपासून होता का?

निवांत
'विद्या ददाति' मान्य, ते विसरता येणार नाही. 'शिकवतात' हे शिक्षक-प्रतिमेतलं रूपक आहे असं म्हणून मी थोडी जागा राखून ठेवतो. पण कल म्हटलं होतं, नियम नव्हे.

मुद्राराक्षस
अर्धविराम, विद्येचा प्रश्न बिनतोड आहे. साधं 'देणे' आणि 'इम्पार्ट' यांत फरक आहे एवढंच म्हणेन. 'गिव्ह' ला मालकीची अट नाही, गिव्ह कुठेही चालतं : इट गेव्ह मी अ शॉक. इम्पार्ट, कन्फर ही जरा अटी घालणारी क्रियापदं. कन्फरला तर अधिकार लागतो. विद्यापीठ पदवी कन्फर करतं, कायदा हक्क कन्फर करतो. आणि 'एक्स्पीरिअन्स इम्पार्ट्स विज्डम' असं छापलेलं सापडेलही. मी चूक म्हणत नाही, वाक्य थोडं लटकं पडतं म्हणतोय.

रेवा
धागा आत्ताच वाचला. भाषांतराचंच उदाहरण हवं असेल तर बायबल बघा, कारण तिथे हेच वाक्य वेगवेगळ्या काळात इंग्रजीत आणलं गेलंय. रोमकरांस पत्र, अध्याय ५, वचनं ३-४. संकटातून धीर, धिरातून पुढचं, त्यातून आशा, अशी साखळी आहे. १६११च्या किंग जेम्स आवृत्तीत 'ट्रिब्युलेशन वर्केथ पेशन्स'. विसाव्या शतकातली प्रचलित भाषांतरं घेतली तर बहुतेक ठिकाणी सरळ 'सफरिंग प्रोड्यूसेस'. एन्जेंडर नाही, इन्स्टिल नाही. त्याहून गंभीर मजकूर तो काय असणार? तरी क्रियापद साधं ठेवलं आणि सगळा भार नामांवर टाकला.

त्याच किंग जेम्समध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला वंशावळ आहे, अमक्याने तमक्याला 'बिगॅट' केलं अशी लांबलचक रांग. बिगेट आजही वापरलं की मागे तो घंटानाद ऐकू येतो. 'व्हायलन्स बिगेट्स व्हायलन्स' मध्ये तो शोभतो, कारण तिथे खरंच वंश पुढे चाललाय, हिंसेच्या पोटी हिंसा. ब्रीडचंही तेच, 'सक्सेस ब्रीड्स सक्सेस'. सारख्यातून सारखं. संकटाच्या पोटी शहाणपण म्हणजे मूल आईबापांवर गेलेलं नाही.

खडूसकाकू
मूल आईबापांवर गेलेलं नाही!! रेवा, जिंकलंस.

सई.
रेवा, 'क्रियापद साधं, भार नामांवर' याला जोरदार अनुमोदन. भारदस्त नाम आणि भारदस्त क्रियापद दोन्ही शेजारी आली की वाक्य फुगतं. अ‍ॅडव्हर्सिटी आणि विज्डम हे दोघे आधीच शाल पांघरून बसलेत, मधे एन्जेंडर फेटा बांधून कशाला?

टवाळ
फॉस्टरला कोणीच विचारत नाहीये. तो कोपऱ्यात रडतोय.

प्रा. तळटीप
फॉस्टर म्हणजे पालनपोषण. आधीच असलेलं वाढवणे. वातावरण, संस्था, शिक्षण यांना कर्ता करून 'फॉस्टर विज्डम' अगदी बरोबर बसेल, 'कल्टिव्हेट' ही बसेल. संकट पालनपोषण करत नाही. शिवाय अलीकडे यंत्राने लिहिलेल्या मजकुरात फॉस्टरची इतकी खिरापत असते की मी लेखात तो दिसला की आधी संशयाने बघतो.

सई.
+१००. फॉस्टरिंग अ सेन्स ऑफ अमुकतमुक. पहिल्या परिच्छेदात फॉस्टर, शेवटच्यात फॉस्टर.

आसावरी_लिहिते
आज दुपारी त्या संपादक बाईंशी फोनवर बोलले. तुमचं बरंचसं त्यांना ऐकवलं; 'मूल आईबापांवर गेलेलं नाही' वर त्या मोठ्याने हसल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की एन्जेंडरला त्यांचा कायमचा विरोध नाही. पुढच्याच पानावर 'संशयातून द्वेष निर्माण होतो' असं वाक्य आहे, तिथे त्यांनी स्वतःहून सस्पिशन एन्जेंडर्स हॉस्टिलिटी सुचवलं. इथे मात्र त्या म्हणाल्या, मूळ लेखकाने 'शिकवितात' लिहिलंय ते तुम्हाला कमी प्रतीचं का वाटलं?

त्यामुळे आता 'अ‍ॅडव्हर्सिटी टीचेस अस विज्डम' ठेवलंय. वाचून बघितलं, भारदस्तपणा कुठे गेला नाही. विनय आणि विवेकाची वाक्यं मुद्राराक्षस यांच्या डावी-उजवीच्या हिशोबाने पुन्हा तपासतेय. 'सत्संगाने विवेक येतो' तिथे मी आधी इन्ड्यूसेस लिहिलं होतं, ते टवाळ यांच्या पहिल्या प्रतिसादानंतर तत्काळ काढलं.

टवाळ
माझ्यामुळे विवेक वाचला. आयुष्यात असं प्रथमच घडतंय. याला मी कारणीभूत.

अर्धविराम
टीचेस छान. माझा एन्जेंडरचा हट्ट मी एखाद्या कवितेसाठी राखून ठेवतो. सत्संगाच्या वाक्यात इंग्रजीतही 'येणे' जमतं हं. 'विथ एज कम्स विज्डम' म्हणतातच ना? तसं क्रियापद आधी, शहाणपण मागून. निवांत यांची पंचमी तिथे जवळजवळ जशीच्या तशी येते.

निवांत
अरे हो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, माझ्याच बाजूचा पुरावा होता.

नवखा_७
उशिरा विचारतोय. मी कार्यालयीन पत्रांत 'टू अफेक्ट चेंज' लिहितो, एकाने ते 'इफेक्ट चेंज' केलं. इफेक्ट तर नाम आहे ना?

मुद्राराक्षस
नाम आहेच, पण क्रियापदही आहे, आणि याच धाग्यातल्या औपचारिक मंडळींपैकी. इफेक्ट अ चेंज म्हणजे बदल घडवून आणणे. अफेक्ट म्हणजे आधीच्या गोष्टीवर परिणाम करणे. तुमच्या पत्रात बदल घडवायचा असेल तर दुरुस्ती बरोबर आहे. चालू असलेल्या बदलावर परिणाम करायचा असेल तर तुमचं बरोबर, पण तशी वेळ क्वचित येते. पत्रच असेल तर 'ब्रिंग अबाउट' लिहा, दोन्हीची कटकट जाते.

नवखा_७
धन्यवाद. आणि इन्स्टिल शेवटी एका एल ने की दोन?

सई.
ब्रिटिश पद्धतीत एक, अमेरिकन पद्धतीत दोन. भूतकाळी रूपात मात्र दोन्हीकडे दोन. पुढे 'इन' किंवा 'इन्टू', दोन्ही चालतात. 'टू' नको, तो इम्पार्टचा.